आंबागडच्या रानगव्याची मान

माझी मान आज जाग्यावर हाय ते देवरामभाऊमुळे, हे तुमच्या पेपरात सगळ्यात आधी लिहा सर, बाकीचं मागून. आंबागडचा देवराम. जंगलात तेंदूपत्ता तोडायचा, थोडं धान पिकवायचा, आणि दिवाळी झाली की गावोगावच्या मंडईत, जत्राच म्हणा, कुस्ती खेळायचा, माझ्यासंग. मी मोरेश्वर, लाखांदूरकडचा. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला, आणि साकोलीले राहून बी.ए. झालो तो बी देवरामभाऊच्या धाकानं, कारण माझा पेपर असला की तो मंडईवाल्याले सरळ सांगे, पोट्ट्याची परीक्षा हाय, आम्ही येत नाही, दुसरी जोडी पाहा. मी म्हणलो होतो एकदा, भाऊ, कुस्तीवर भागून राहिलं तं शिकू कायले. तं म्हणे, मान हाय तोवर कुस्ती हाय, मंग काय करशील. काय सांगू तुम्हाले, असं तो बोलून गेला, आपल्याच मानेवर येईल हे त्याले कुठे माहीत.

आमची कुस्ती ठरलेली राहायची. नूरा म्हणतात तिले. हे मी पहिल्यांदा कोणापुढे बोलून राहिलो, त्यानं सांग म्हणलं म्हणून. जिंकणार मीच, कारण मी सडपातळ पोट्टा आणि तो भरल्या अंगाचा, लोक त्याले म्हणतच आंबागडचा रानगवा. पण ठरलेली म्हणजे खोटी नाही, हे बी लिहा. पडणं खरं असते. डोक्यावरून फेकल्या जाणारा माणूस खरंच फेकल्या जाते, फक्त फेकणाऱ्याचा हात त्याच्या मानेखाली राहाते, आणि पडणारा हनुवटी छातीले लावते, पाठ आधी टेकवते, पाय पलीकडे जाऊ देते. पायाले जागा लागते सर. पाय अडला की सगळं वजन मानेवर. हे त्यानं मले धानाच्या तणसाच्या ढिगावर शिकवलं, उन्हाळाभर, आणि मी चुकलो की म्हणे, मोरू, तू पडून राहिला का बसून राहिला, म्हशीले बी तुह्यापेक्षा चांगलं लोळता येते.

आणखी एक शिकवलं. खरंच लागलं तं ओरडायचं नाही, ओरडतो तं आपण तसेही, लोकासाठी. करंगळी धरायची. समोरच्याची करंगळी धरली की त्यानं समजायचं, हे खरं हाय, थांब. मी त्याची कितीक वेळा धरली. त्यानं माझी कधी धरली नाही.

लोकाले पेटवायचं काम त्याचं. मी आखाड्यात येऊन माती कपाळाले लावे, म्हाताऱ्याच्या पाया पडे, आणि हा उशिरा येणार, मारुतीकडे पाठ करून उभा राहाणार आणि विचारणार, या गावात माणसं राहातात का नुसते बुजगावणे उभे केले हायत. झालं. बाया शिव्या देत, चपला येत, एक म्हातारी तं त्याच्यावर काठी घेऊन धावली होती. आणि हाच माणूस सकाळी कोणी उठायच्या आधी त्या मारुतीले जाऊन नारळ फोडून ये आणि म्हणे, देवा, दुपारी तुह्याकडे पाठ करीन, राग धरू नको. मले हसू ये. आता येत नाही.

गर्दीचं तुम्हाले सांगतो. गर्दी वाईट नसते. मागच्याले दिसत नाही म्हणून तो मान काढते, मंग खांदा, मंग पाय. पुढचा बसलेला काहीच करत नाही, तो फक्त ढकलल्या जाते. कोणाले विचारा, कोणीच पुढे सरकलेला नसते. आणि ज्याच्यासाठी आपण त्याहिले पेटवतो, तोच राग आखाडा लहान करत जाते. जितकी कुस्ती रंगली तितकी जागा कमी.

त्या दिवशी तेच झालं. तलावाच्या पाळीखालच्या बांधीत, धानाच्या वावरात, आखाडा होता. धान कापून झालं होतं. आदल्या दिवशी आम्ही दोघांनीच माती खणली, तणस बारीक करून मिसळलं, भोवताल दोरी बांधली. कुस्ती लागली, आधी त्यानं मले मातीत घोळसलं, लोक रागानं लाल, आणि दोरी कधी पायाखाली गेली समजलं नाही. तो माझ्या पाठीवर होता, कानात म्हणे, मोरू, लोक आत आले, मधात चल. आम्ही सरकत सरकत मधात गेलो. मधात म्हणजे जेवढं उरलं होतं तेवढं. मंग मी त्याले उचललं. माझा हात मानेखाली होता, सर. होता. पण तो वरतं असतानाच मागून लोंढा आला, बसलेले लोक आमच्या पायाशी येऊन पडले, त्याचे पाय कोणाच्या तरी पाठीवर अडले, आणि तो उभाच्या उभा डोक्यावर खालतं आला.

मी वाकून त्याच्या हातात करंगळी दिली. त्यानं धरली नाही. डोळे उघडे, माझ्याकडेच पाहून राहिला, आणि हळूच म्हणे,

मोरू, माहा हात कुठे हाय रे.

हात तं माझ्या हातात होता.

आणि तेवढ्यात मले मागून उचललं. आमच्याकडे रिवाज हाय, जिंकलेल्याले खांद्यावर घेऊन मंडईभर फिरवतात, ढोल वाजवत. माझे पाय सुटले, मी खांद्यावर, गुलाल डोळ्यात. मी ओरडून राहिलो, खालतं ठेवा, त्याले लागलं, आणि लोकाले वाटे पैलवान गर्जना करून राहिला, ते आणखी जोरानं ओरडत. मी ज्याच्या खांद्यावर होतो त्याच्या कानाशी वाकलो, म्हणलो, बाप्पा, आमची कुस्ती ठरलेली होती, तो माझा भाऊ हाय, सोड मले. तो हसला. म्हणे, पैलवान, जिंकल्यावर बी किती नम्र हाय तुम्ही. मी त्याच्या डोक्यावर बुक्की मारली. ती बी त्याले आनंदाचीच वाटली.

खांद्यावरून सगळं दिसते. पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या काखेत हात घालून त्याले उठवून बसवलं. मान छातीवर लोंबली. मंग गडव्यानं पाणी पाजलं. मंग एक जुना पैलवान पुढे आला, भला माणूस, गावातल्या सगळ्याच्या लचकलेल्या माना तोच बसवे, त्यानं देवरामभाऊचं डोकं दोन्ही हातात धरलं, मायेनं धरलं सर, आणि झटका दिला. मले हे दिसून राहिलं होतं आणि मी दूर जाऊन राहिलो होतो, मिठाईच्या दुकानाकडे, खेळण्याच्या दुकानाकडे, प्रत्येक दुकानदार हार घालून राहिला होता.

मंग भंडारा, मंग नागपूर. डॉक्टरले मी एकच विचारलं, मान केव्हा तुटली, पडल्यावर का उठवल्यावर का त्या झटक्यानं. डॉक्टर म्हणे, ते आता कोणालेच सांगता येणार नाही. तेवढंच हाय माझ्यापाशी. फिरून फिरून मी तिथेच येतो.

आता तो आंबागडले खाटेवर असते. मानेच्या वरतं सगळा देवराम हाय, खालतं कोणी नाही. सुमनवैनी त्याले कूस बदलवून देतात, भरवतात, कधी मले एका शब्दानं बोलल्या नाही. मी शाळेत कंत्राटावर खेळ शिकवतो, रविवारी एसटीनं जातो. अजून लोक त्याच्या खाटेपाशी बसून माझ्या पाठीवर थाप मारतात, म्हणे, रानगव्याले पाडला यानं. तो हसते. मोबाईलवर असल्या कुस्त्या पाहून पोट्टे एकमेकाले उचलून आपटतात, म्हणून त्यानं मले म्हणलं, मोरू, सांगून टाक आता, पायाले जागा लागते हे त्याहिले कोणी सांगतलं नाही. फोनवर हे बोलणं होत नाही, म्हणून मी त्याले पत्र लिहितो. परवा धाडलं ते बी घ्या यात.

देवरामभाऊस नमस्कार,

वैनी हे वाचून दाखवतील म्हणून मोठ्या अक्षरात लिहितो. तुम्ही म्हणाल्याप्रमाणे सरांना सगळं सांगणार आहे, नूरा या शब्दासकट. यंदा त्याच गावच्या मंडईत गेलो होतो, खेळायला नाही. आदल्या दिवशी बांधी खणून दिली, तणस मिसळलं, दोरीऐवजी बांबूचं कुंपण घालून घेतलं. नव्या जोडीला हनुवटी, पाठ, पाय, सगळं दाखवलं. पोरं हो हो म्हणत होती, पण विचारत होती की रानगव्याला कोणत्या डावानं पाडलं. कुस्ती रंगात आली तेव्हा मागच्यांना दिसेना म्हणून लोकांनी बांबू उपटले. मी ओरडत पुढे गेलो. त्यांनी मला ओळखलं आणि टाळ्या वाजवल्या. पोरं धड घरी गेली, यंदा. पुढच्या मंडईलाही मी जाईन, त्यापेक्षा जास्त मला काही सुचत नाही. सकाळी मारुतीला तुमच्या नावानं नारळ फोडला.

रविवारी येतो. आल्यावर नेहमीसारखी तुमच्या हातात करंगळी देईन. नाही धरली तरी चालेल.

तुमचा,
मोरू