सातवी अट

माहा दोस्त पंक्या म्हणे, "हिंमत असन तं तुह्या ताईच्या एम.ए. संगीतच्या प्रवेशाच्या अटीत एक अट घुसवून दाखव." मी हो म्हणून बसलो न बे! छापील सहा अटींखाली टाइपरायटरवर सातवी मारली: 'महिनाभर पहाटे नदीत गळ्यापर्यंत उभे राहून खर्ज लावणे.'

ताईनं खरंच केलं. धाम नदीवर धुकं राहे, अन् तिचा तो खालचा सा पाण्यावरून हळूहळू सरकत ये. काठावर टॉवेल धरून मी हासाचंच विसरून जाओ.

प्रवेशाच्या दिवशी ताईचं गाणं ऐकून कॉलेजचे सर म्हणे, "असा खर्ज कुठं कमावलास, पोरी?"

"सातव्या अटीनं, सर." ताईनं अटींचा कागद पुढं केला.

"अटी तर सहाच आहेत. हा कागद खोटा आहे."

ताईचा चेहरा उतरला. मी दारातूनच ओरडलो, "सर, सातवी माही हाय! तिले घ्या, मले बुडवा."