आमदारताईंनी आधी संडास मागितला

आमच्या घरी नियमच आहे, पाहुण्यांसमोर घरातलं बोलायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. परवा आमच्या धाड गावात आमदारताई चहाला आल्या. आधी त्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी होत्या, ती सवय अजून गेली नाही. आबा हार घेऊन उभे, तर म्हणतात, "हार राहू द्या आबाजी, पहिले संडास दाखवा."

आमच्या संडासात आबांनी सोयाबीनची पोती भरून कुलूप घातलंय. आम्ही बाया वावरात जातो.

आबा म्हणाले, "चावी हारपली जी."

काका माझ्याकडे वळले. "सांग न वं ताईले, हारपली म्हणून."

"मी नाही सांगत. चावी आबाच्या करगोट्याले हाये. अन् उद्यापासून मी वावरात जात नाही."

ताई शांतपणे चहा पीत आबांच्या कमरेकडे पाहत राहिल्या.