पुढं गाठतो तुला!

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. आज एक प्रश्न विचारतो, आणि त्याचं उत्तर मलाही धड येत नाही, हे आधीच सांगून टाकतो! जो माणूस मोठं काम तडीस नेतो, त्याला छोटं काम जमतंच का हो? "जमणारच की!" – कोण म्हणालं? खोतकाका? बरं, बसा! आता ऐका!

इचलकरंजीत शशिकांत हेरवाडकर नावाचे एक गृहस्थ. यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान. वय पन्नाशीचं, पण पोट म्हणाल तर नाही! माझ्याकडं बघून हसू नका! तर या शशिकांतरावांना वेड लागलं ट्रायथलॉनचं. म्हणजे काय? आधी पोहायचं, अंग ओलं असतानाच सायकल हाणायची, आणि सायकलवरनं उतरलं की पळत सुटायचं! मागं कोण लागलंय? कोणी नाही! मग का पळायचं? ते त्यांनाच ठाऊक!

गेल्या महिन्यात त्यांनी यातली सगळ्यात लांबची शर्यत केली. समुद्रात जवळजवळ चार किलोमीटर पोहले, मग एकशेऐंशी किलोमीटर सायकल, आणि वर बेचाळीस किलोमीटर पळणं! शेवटी दोघांनी धरून बाहेर आणलं, इतकं अंगातलं सगळं ओतलं! चौकात फलक लागला, शाल-नारळ झाला. आणि या सगळ्यात त्यांची बायको नलिनीताई कुठं? दोरीच्या पलीकडं! दिवसभर उन्हात उभ्या, हातात केळी आणि मिठाचं पाणी. नवरा समोरून जाणार, ताई केळं पुढं करणार, नवरा केळं घेऊन पसार! झाली नवराबायकोची भेट!

त्या नलिनीताईंनी काय केलं? कुणाला न सांगता पोहायला शिकल्या! आणि एक दिवस पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "अहो, रविवारी धरणावर छोटी शर्यत आहे. मी नाव दिलंय. तुमचंही दिलंय."

"अगं, माझे पाय अजून भरलेले आहेत!"

"मला कुठं जिंकायचंय? इतकी वर्षं दोरीच्या पलीकडं उभी राहिले. एकदा तुमच्याबरोबर अलीकडं यायचंय. शेवटची रेघ हात धरून ओलांडू. एवढंच."

शशिकांतरावांना भरून आलं हो! "दिला शब्द," म्हणाले.

रविवारी भोंगा वाजला आणि लोकांनी पाण्यात अशा उड्या टाकल्या, जणू पलीकडं फुकट जेवण आहे! शशिकांतराव गडबडलेच. लांबच्या शर्यतीत अशी घाई नसते. तिथं अंगातलं राखून ठेवायचं, दिवस काढायचा असतो. ही माणसं वेडी की आपण? कळेना! बाहेर आले ते सवयीप्रमाणं खाली बसले. बोटाबोटांतलं पाणी पुसलं. मोजे घातले. उकडलेला बटाटा सोलायला घेतला! अहो, सहल आहे का ही? नलिनीताई सायकल धरून उभ्या – "चला ना!"

"तू हो पुढं. पुढं गाठतो तुला!"

सायकलवर बसले तर पाय जड. दगडच! म्हणाले, संपलं, पायांत काही उरलेलं नाही, जपूनच चालवावी. थोड्या वेळानं तेच पाय हलके! मग खूश व्हावं की नाही? छे! आणखीच घाबरले. म्हणाले, हे फसवं आहे, अजून बरंच बाकी आहे, आत्ता उधळलं तर पुढं काय? आता बाकी कुठलं, मंडळी? उणीपुरी वीस किलोमीटर सायकल! डोक्याला माहीत होतं, पायांना कोण सांगणार? का पायांना माहीत होतं आणि डोक्यालाच कळत नव्हतं? मलाही सांगता येत नाही! समोरून ताई वळून परत येताना दिसल्या. "या ना!" त्यांनी हात केला.

"पळताना गाठतो!"

पळताना ताईंची वेणी पुढं दिसायला लागली. ताई दहा पावलं पळायच्या, मागं वळून बघायच्या. शशिकांतराव मनात म्हणाले, आता नाही, शेवटच्या टप्प्यात वेग वाढवू. रस्ता वळला – आणि समोर कमान! ताई रेघेच्या अलीकडं थांबलेल्या, हात मागं केलेला. लोक ओरडतायत, "ताई, थांबू नका, मागचे आदळतील!" कोणीतरी पाठीला हात लावला, आणि ताई गेल्या पलीकडं. एकट्याच!

मागून शशिकांतराव आले. गळ्यात पदक पडलं. "संपली? एवढ्यात?" इकडं बघतात, तिकडं बघतात. अजून पळायला तयार!

ताई मातीत बसल्या होत्या. तोंड लालबुंद, धाप लागलेली. नवऱ्याकडं खालून वर बघितलं. "तुम्ही दमला नाहीत होय?"

टोमणा नव्हता हो! खरंच विचारलं त्यांनी.

"नाही," शशिकांतराव म्हणाले.

"मला वाटलं, तुमच्यात काही उरलंच नाही. काही होतंय की काय, म्हणून सारखी वळून बघत होते." कपाळावरचा घाम पुसला. "होतं की मग."

एवढं बोलून त्या बूट सोडायला लागल्या. शशिकांतरावांना फार लाज वाटली. समुद्रावर अनोळखी लोकांसमोर सगळं ओतलं, आणि इथं साधा घाम नाही! हे झालं कसं, ते त्यांना अजून उमगत नाही.

आणि तुम्हाला, मंडळी? दुकानात, कचेरीत, निवडणुकीत जीव काढून येता! आणि घरच्या माणसासाठी? देवासाठी? "निवांत झालो की बघू!" तुमची वाट केवढी उरलीय, सांगितलंय कुणी?

मृदंग नको रे वाजवू आत्ता. बघा बरं – पुरुष इकडं, बायका तिकडं. आपलं माणूस कुठं बसलंय? दिसलं? मग इथं काय करताय? आरती मी उरकतो, तुम्ही जा तिच्या शेजारी! उठा, खोतकाका! – अहो, चालत काय जाताय? पळा!