लसूणघास मी उपटली होती

माझा जन्म रत्नागिरीजवळ खाडीकाठचा, अब्बांची नारळाची बाग, आणि आमच्याकडे आळं असं लख्ख ठेवतात की गवत दिसलं तर शेजारी विचारतो, घरात कोण आजारी आहे काय. तेच डोक्यात घेऊन साठ सालानंतर लाँचने आखातात रास अल खैमाला गेलो आणि एका खजुराच्या बागेत मुकादम झालो.

बाग खरी जगवायचा मुबारक, तिथलाच म्हातारा. खजुराच्या सावलीत लिंबू, लिंबाखाली लसूणघास, घास बकऱ्यांना, बकऱ्यांची लेंडी मुळाशी, वर खताला समुद्रावरची सुकी तारली मासळी. मला वाटलं, काय हा पसारा. तो आठवडाभर डोंगरात बहिणीकडे गेला तेव्हा मी सगळी घास उपटली आणि पंप दिवसभर चालू ठेवला. परत येऊन तो ओरडला, पण मुकादम मी, ऐकलं नाही. काय सांगू तुम्हाला, पाणी मचूळ, त्यात जमीन उघडी, दोन-तीन महिन्यांत मीठ वर आलं, माती पांढरी, लिंबं गळाली.

मालक दुबईचा, कधीमधी यायचा. आला, विचारलं, कोणी केलं? आणि मी म्हटलं, मुबारकने. म्हटलं हो मी! सगळ्यांसमोर त्याला कामावरून काढलं. तो मला एवढंच बोलला, मालकाला फसवशील, जमिनीला कसा फसवशील रे?

मालक गेल्यावर मी मुबारकच्या दारात. चाचा, चला. तो म्हणाला, बागेसाठी येतो, तुझं तोंड बघायला नाही, यल्ला, चल, आधी तारल्या आण. दोन वर्षं दोघं राबलो, मालक यायचा त्या दिवशी तो घरी राहायचा. घास परत उगवली, माती हाताला ओलसर लागायला लागली, मधमाशा आल्या, हुदहुद पक्षी आले, आणि खजूर असा लागला की घड बांधायला दोर पुरेना! शेजारच्या बागांतली माणसं घासाचं बी मागायला यायची, मुबारक सगळ्यांना द्यायचा, वरून शिव्याही द्यायचा. मालकाने मात्र मला मिठी मारली, शाबास हिंदी, म्हणजे हिंदुस्तानी. मुबारकचं नाव मी याही वेळी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी मुलाने मला तिथे नेलं. बाग आहे! मुबारक नाही. त्याच्या नातवाच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, वीसेक माणसांत, मोडक्या अरबीत मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, आजोबांना काढलं हे माहीत होतं, का काढलं ते घरात कोणी बोलायचं नाही. मग त्याने फोन लावून माझ्या हातात दिला. हाजी, ही माझी आई, मुबारकची मुलगी, परत सांगा. मी परत सांगितलं, जास्त मोठ्याने. ती रडत होती आणि म्हणत होती, अजून एकदा.

लिहून ठेवा, बाग मुबारकने वाचवली. अल्ला ती हिरवी ठेवो.