कपाटातलं वायफाय आणि नातीचं बारसं

मंडळी, आधी एवढंच सांगा — कुलपात जपलेली वस्तू आपल्या कामाला येते, की आपणच तिचे राखणदार होऊन बसतो? माना डोलावू नका! आधी ऐका!

गडहिंग्लजला दिगंबरपंत शिंत्रे नावाचे गृहस्थ. साखर कारखान्यातून निवृत्त. मनानं वाईट नाहीत हो — पण संशयी! लेक मृणाल कॅनडात. तिच्याशी बोलायला म्हणून घरात वायफाय घेतलं. डबा आला, दिवे लुकलुकले... आणि पंतांनी तो ठेवला कुठं? लोखंडी कपाटात! वायरीपुरतं मागं भोक पाडलं आणि वर कुलूप!

पत्नी वत्सलाबाई म्हणाल्या, "अहो, हे काय?"

"शेजारचा हुक्केरी ओढून घेईल आपलं नेट!"

नारळाच्या झावळ्या कुणाच्या अंगणात पडतात, यावरून पंत आणि हुक्केरी यांची बोलचाल बंद! अहो, नेटला पासवर्ड असतो! पण मंडळी, संशयाला कुठला आलाय पासवर्ड?

झालं! लोखंडाआड ते नेट गुदमरलं. माजघरात नाही, स्वयंपाकघरात नाही. पंत फोन उंचावून कधी पलंगावर उभे, कधी न्हाणीत! तोंडी एकच — "कंपनी चोर आहे!"

अशात मृणालला मुलगी झाली. बारशाचा दिवस आला. वत्सलाबाई पैठणी नेसून फोनपुढं बसल्या — इथं बसून का होईना, नात बघायची! तिकडं पाळणा हलला, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं. आत्यानं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगायला तोंड उघडलं —

आणि तोंड तसंच उघडं! चित्र थिजलं!

पंतांनी फोन हलवला, झटकला, कपाळाला लावला. वत्सलाबाईंनी तो हिसकावून घेतला. "बसा तुमचं कपाट सांभाळत!" म्हणाल्या, आणि अनवाणीच निघाल्या — थेट हुक्केरींकडं!

पंत एकटे. भिंतीपलीकडून टाळ्या! हसणं! "अगंबाई, किती गोड नाव!" पंतांनी भिंतीला कान लावला. मंडळी, आजोबा झालेला माणूस — आणि नातीचं नाव भिंतीला विचारतोय!

"वत्सला... नाव काय ठेवलं गं?"

पलीकडून हुक्केरींचा आवाज आला, "पंत, भिंतीतनं नाव सांगायचं नसतंय! या की इकडं! चहा टाकलाय!"

पंत दारातून एकदा मागं फिरले. पण गेले! हुक्केरींनी फोनसमोरची स्वतःची खुर्ची सोडली. पडद्यावर इवलीशी पोर जांभई देत होती. मृणाल म्हणाली, "बाबा, ही शर्वाणी." पंतांना काही दिसेना. आता नेट फुल्ल होतं, मंडळी — डोळेच भरले होते!

घरी आले, कपाट उघडलं. डबा काढून घराच्या मधोमध, उंच फळीवर ठेवला. वत्सलाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, इथं चारी दांड्या आल्या!" आणि पंतांनी काय करावं? खिडकी उघडून हाक मारली — "हुक्केरी! तुमचं नेट कधी गेलंच, तर आमचं घ्या हो!"

हसलात? हसा! डब्याचं सोडा, मंडळी. तो काढायला एक किल्ली पुरते. पण घरच्या माणसाशी बोलायचे दोन गोड शब्द तुम्ही कुठल्या कपाटात कोंडलेत? शेजारी बसलेल्या बायकोकडं बघा जरा! — बघितलंत, किती जणांनी मान खाली घातली! वर करा, वर करा! आणि तो प्रेमळ विठ्ठल मोठ्यानं आळवा — भिंतीपलीकडं ऐकू जाऊ दे!