गोइंग नाही, कमिंग

आमच्या आईने एकदा इंग्रजीचा क्लास घेतलेला, सांगितलं का तुम्हाला?

मी ठाण्यात, नौपाड्याला परदेशी मुलांना इंग्रजी शिकवतो ना, त्यांना रविवारी कुठेतरी फिरवायचं असतं. त्या रविवारी घरीच नेलेलं, साबुदाण्याची खिचडी खायला. निघताना जपानची युको छान वाकून आईला म्हणाली, "आय ॲम गोइंग." वाक्य बरोबर, त्यामुळे मी खूश.

आईने दारातच तिचा हात धरला. "गोइंग नाही म्हणायचं गं. कमिंग म्हण."

"आई, अगं किती दिवस मी यांना हाच फरक शिकवतोय."

पण युको थबकलेली. मी अर्थ सांगितला, तशी हळूच म्हणाली, "सर, आमच्याकडेही घरातून निघताना 'जाऊन येते' असंच म्हणतात. नुसतं 'जाते' नाही."

कुठे जपान, कुठे ठाणं, आणि उंबऱ्यावर बोलायचं वाक्य तेच. आईला सांगितलं, तर तिला काडीचं नवल वाटलं नाही.

"म्हणजे तिला आधीपासून येत होतं. तूच बिघडवलंस."