अर्धी अर्धी चादर

—नाही हो मॅडम, गोंधळले बिंधळले नाहीये, मी अशीच घालते चादर. आधी अलीकडची बाजू खोचायची, उरलेली अर्धी गुंडाळून मधोमध ठेवायची, मग वळसा घालून पलीकडे जायचं, गुंडाळी सोडायची, ओढायची, खोचायची — झालं! वेळ लागतो, कबूल. तुम्ही दोनदा घड्याळ बघितलंत, ते काय माझ्या नजरेतून सुटलं नाही. पण एक सुरकुती शोधून दाखवा — नाही ना सापडत? मग! आणि तुमच्या जाहिरातीतच लिहिलं होतं, हॉटेलात खोल्या आवरायचं सोपं काम, अनुभवाची अट नाही. मी म्हटलं, हे आपल्यासाठीच छापलंय. पन्नाशीला टेकलेली बाई मी, जन्मात कधी पगार हातात घेतला नाही — मला दुसरं कोण दारात उभं करणार? पण पलंग घालायचे, उशांचे अभ्रे बदलायचे, न्हाणीघर पुसायचं — एवढं काय, झोपेतसुद्धा करीन.

अं? असं कुठे शिकले? कुठे शिकणार, घरीच की. म्हणजे — जाऊ दे, तुम्हाला काय करायचंय. बरं, सांगते, नाहीतर म्हणाल बाई खुळी आहे. पलंगावर माणूस असला ना, की अशीच घालावी लागते. आमचे हे पलंगावर होते. रंगकाम करायचे, परांचीवरून पडले, कमरेखालचं सगळं गेलं. चांगला उंचापुरा माणूस, उचलून बाजूला थोडाच ठेवता येतो? आधी त्यांना खिडकीकडे कुशीवर वळवायचं, मागची बाजू घालून घ्यायची, मग म्हणायचं, "चला, डोंगर ओलांडा." डोंगर म्हणजे ती मधली गुंडाळी हो! त्यावरून हे माझ्या हाताला धरून इकडे वळायचे, की मी पलीकडे पळायचे. रोज तोच डोंगर आणि रोज तोच विनोद. कधी म्हणायचे, "आज घाट जमत नाही, आज इथेच मुक्काम." मी वैतागायचे. खोटं कशाला बोलू, खूप वैतागायचे. पण हसूही यायचं.

आता नाहीत. म्हणून तर आले ना तुमच्या दारात. आणि नोकरी मला हवीच आहे मॅडम, आजच हवी आहे. रविवारी भाऊ टेम्पो घेऊन येतोय. "ताई, एकटी काय करणार तिथे, माझ्याकडे चल," म्हणाला. मला अगदी भरून आलं — म्हटलं, केवढी माया! मग हळूच कळलं, वहिनीच्या आईने अंथरूण धरलंय. फोनवर मागून वहिनीचा आवाज ऐकला मी, "ताईंना सवय आहे." बघा, सगळीकडे विचारतात अनुभव काय, आणि तिथे मी एकदम अनुभवी! त्या म्हातारीवर राग नाही हो माझा, तिने काय बिघडवलंय माझं. पण ह्यांचं केलं ते हे माझे होते म्हणून. आता पुन्हा कुणाला कुशीवर वळवायचं माझ्याच्याने व्हायचं नाही. मेले तरी व्हायचं नाही. तुम्ही हो म्हणालात तर आत्ता खाली जाऊन भावाला फोन लावते, टेम्पो आणू नकोस म्हणून. नाही म्हणालात तर — जाईन, दुसरं काय करणार? घरमालक काय फुकट ठेवून घेणार आहे मला?

काय म्हणालात? अख्खी एकदम टाकायची? दोन कोपरे धरून झटकायची आणि वरून सोडायची — हो, ऐकतेय मी. पलंग रिकामाच आहे, म्हणताय. दिसतंय ना मला, आंधळी आहे का मी? कुणी नाही त्यावर. कुणी नाही हे मला तुम्ही सांगायला नको!

...माफ करा. आवाज चढला. नोकरी मागायला आले आणि तुमच्यावरच डाफरले.

हे गेले ना, तेही चादर बदलतानाच. हे सांगायचं नव्हतं मला. अलीकडची बाजू खोचली आणि म्हटलं, "चला, डोंगर ओलांडा." — तर हे गप्प. मला वाटलं, सोंग करताहेत. करायचे ना सोंग, मला चिडवायला! मी आपली ओरडतेय, "अहो, वळा ना, दूध ठेवलंय गॅसवर, उतू जाईल." पाठीवर हात मारला हलकेच. मग पलीकडे गेले आणि तोंड बघितलं. दूध उतू गेलं ते गेलंच. शेजारचे धावत आले, त्यांनी उचललं ह्यांना. आणि ती चादर तशीच राहिली, अर्धी खोचलेली आणि अर्धी गुंडाळलेली. अजून तशीच आहे. मी खाली जमिनीवर निजते. पलीकडची बाजू घालायला गेले नाही असं नाही, रोज जाते, पण ती गुंडाळी सोडवत नाही हो मला.

अगं, तू का रडतेस? — चुकले, मॅडम. डोळे पुसा आधी, तुमची माणसं बघतील. आणि हे बघा, दया येऊन नोकरी देऊ नका, तशी नको मला. काम येत असेल तरच द्या. आणा ती दुसरी चादर इकडे. तुम्ही म्हणता तशी टाकते, अख्खी, एकदम. सोपंच आहे काम, बरोबर लिहिलं होतं तुम्ही.

फक्त तुम्ही जरा बाहेर थांबा. हो, जा ना मॅडम, जा. दार ओढून घ्या.